मामाजींच्या घड्याळातली वीस मिनिटं

भैयाजींना वेळ विचारणं ही आमच्या मोहल्ल्यातली एक ठरलेली चूक होती आणि ती प्रत्येकानं एकदा तरी केलेली होती. लग्न होऊन मी नागपूरच्या महाल भागातल्या घरी आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मीही केली. आमच्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांत भैयाजी भाड्यानं राहत आणि तिथंच घड्याळं दुरुस्त करत. भिंतीवर घड्याळं, फळीवर घड्याळं, उपड्या पेल्यांखाली घड्याळांची आतडी. अशा माणसाला वेळ विचारायची नाही तर कोणाला?

"भैयाजी, किती वाजले?" मी दारातून विचारलं.

त्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "कोणाच्या घड्याळात?"

मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा करताहेत. पण नाही. त्यांनी एकेक घड्याळ दाखवायला सुरुवात केली. हे वकीलसाहेबांचं, हे चालते पण दुपारून सुस्तावते. हे शेटजीचं, याले दमा आहे. हे भिंतीवरचं बरं आहे, पण गाडी गेली की दचकते. मग म्हणाले, "आन् स्टेशनवरच्या घड्याळात बारा वाजते ना सूनबाई, तवा आपल्या नागपूरच्या डोक्यावर सूर्य आलेलाच नसते. त्याले अजून पाव तास लागते. आता तूच सांग, बारा कवा वाजले?"

मी स्वयंपाकघरात परत आले तेव्हा वरण उतू गेलं होतं आणि बारा वाजले होते की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.

स्वतः भैयाजी घड्याळ वापरत नसत. उंच, किडकिडीत, खांद्यातून थोडे वाकलेले, उजव्या डोळ्याभोवती भिंगाचं कायमचं वर्तुळ. घड्याळ हातात आलं की आधी ते कानाला लावायचे, मग दाताला. दाताला लावलेलं घड्याळ खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी भंडाऱ्याला दिलेली. जेवण स्वतः रांधायचे, पण आमच्याकडे पातोडीचा रस्सा झाला की वाटी घेऊन बरोबर हजर. त्या वेळी मात्र त्यांना वेळ चुकत नसे. एकादशीलाही खुशाल भाकर खायचे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, टोकलं की म्हणायचे, "वहिनी, देवाले माहीत आहे ना माह्या घरी कोण रांधते. तो काही म्हणत नाही."

गिऱ्हाइकाची तर ते उलटतपासणीच घेत. एकदा एक वकील तणतणत आले, दुरुस्त केलेलं खिशातलं घड्याळ रोज मागं पडतं म्हणून. भैयाजींनी विचारलं, "झोपताना कुठं ठेवता? टांगता का आडवं ठेवता?" वकील म्हणाले, त्याचा काय संबंध? "आडवं ठेवलं तर वेगळं चालते, टांगलं तर वेगळं. काचेकडून आडवं, का पाठीकडून?" वकिलांना आठवेना. "पाहा बापा, तुम्हालेच माहीत नाही तर घड्याळाले कसं माहीत राहीन?" आयुष्यभर दुसऱ्यांना असे प्रश्न विचारणारा तो माणूस खाली मान घालून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ खुंटीला टांगायला लागला आणि ते बरोबर चालायला लागलं, हेही सांगितलं पाहिजे.

आणि शेजारच्या मुंजीचा घोळ तर मी विसरूच शकत नाही. मुहूर्त अगदी मिनिटावरचा. मांडवात तीन पाहुण्यांची तीन घड्याळं आणि तिन्हींची तीन तोंडं. कोणा शहाण्यानं सुचवलं, भैयाजींना विचारा. भैयाजी उभे राहिले आणि समजावू लागले. पंचांगातली वेळ कोणत्या गावची, स्टेशनची वेळ कोणत्या गावची, मधल्या फरकाचं काय करायचं. भटजी हातात अक्षता घेऊन ऐकताहेत, बटू पाटावर पेंगतोय. समजावता समजावता मुहूर्त निघून गेला. बटूचा आजा पुढं सहा महिने भैयाजींशी बोलला नाही. भैयाजींना मात्र त्यात आपलं काय चुकलं ते कळलंच नाही. "खोटं सांगाव का मी? जे पक्कं नाही त्याले पक्कं काहून म्हणू?" ते मला विचारत होते. मला तर त्यांचं बोलणं ऐकलं की ते बरोबर वाटे आणि मांडवातल्या बायकांचं ऐकलं की त्याही बरोबर वाटत.

या माणसाच्या हातात आमच्या मामाजींचं घड्याळ पडलं, आणि घराचं सगळं सुखदुःख त्याच्या काट्यांना येऊन लटकलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांचा साहेब पहिल्या लढाईच्या सुमारास विलायतेला परत गेला, तेव्हा त्यानं आपल्या हातातलं घड्याळ काढून मामाजींना दिलं. त्या काळी मोहल्ल्यात हातात घड्याळ बांधणारे मामाजी एकटेच. पांढरी तबकडी, मामाजींच्या हातून एकदा पडल्यानं तिच्यावर गेलेला बारीक तडा, अंधारात हिरवट दिसणारे आकडे, जाड चामड्याचा पट्टा. मामाजी रोज सकाळी गिरणीचा भोंगा झाला की त्याला चावी देत आणि कचेरीत पोचल्यावर स्टेशनच्या घड्याळाशी काटे जुळवत. घरात बाळंतपण असलं की मामाजी ओसरीवर मनगट डोळ्यांपुढं धरून उभे राहत. आतून सुईणीनं हाक दिली की ते मोठ्यानं वेळ सांगत, आणि तीच पत्रिकेत जाई. आमच्या घरातल्या पाचही पत्रिका त्या एका घड्याळावर बेतलेल्या. मामाजी गेल्यावर ते आत्याबाईंच्या पेटीत गेलं. काच तडकली, काटे गंजले, पट्टा वाळून कडक झाला.

ते बाहेर निघालं ते कुसुमसाठी. कुसुम माझी नणंद. विसावं लागलेलं, उंच, सावळी, खळखळून हसणारी. म्हणजे मी लग्न होऊन आले तेव्हा हसायची. मग तिच्या पत्रिकेत चौथ्या घरात मंगळ निघाला आणि हसणं आटत गेलं. मंगळ असलेली मुलगी नवऱ्याला खाते, हे तेव्हा आम्ही सगळे धरून चाललो होतो. तीन स्थळं परत गेली. तिसरं गेलं तेव्हा कुसुमनं पोह्यांच्या बश्या स्वतः विसळल्या आणि मला म्हणाली, "वहिनी, आता मी समोर जाणार नाही." मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमाराला कुहीच्या गोविंदरावांकडून विचारणा आली. धानाची शेती, मुलगा वामनराव तिथंच शाळेत मास्तर. मुलानं कुसुमला एका लग्नात पाहिलं होतं आणि हट्ट धरला होता. पत्रिकेचं पाहू म्हणून गोविंदराव थांबले होते. आत्याबाईंना एवढीच आशा पुरेशी झाली. आमच्याकडे जावयाला घड्याळ द्यायचं तर ते मामाजींचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि पेटीतून काढून भैयाजींपुढं ठेवलं.

भैयाजींनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि सहज बोलून गेले, "अरे बापा! हे तर कोणीतरी पुढं पळवून ठेवलं आहे."

आत्याबाई दारातच होत्या. "पुढं म्हणजे?"

घड्याळात एक बारीकशी दांडी असते. ती एकीकडे सरकवली की घड्याळ जलद चालतं, दुसरीकडे सरकवली की हळू. मामाजींच्या घड्याळातली दांडी पार जलदच्या टोकाला होती. आत्याबाईंनी पदर सावरला आणि खालीच बसल्या. "म्हणजे कुसुमची वेळ चुकली? मंगळ नाही तिले?"

"तसं नाही वहिनी, ऐका," भैयाजी घाबरून म्हणाले. "घड्याळ म्हातारं होऊन मागं पडत असन, म्हणून कोण्या कारागिरानं दांडी पुढं केली असन. मंग ते बरोबर चालत असन. आन् कुसुमच्या आधी केली का नंतर, हे कोण सांगन? आत सुईनं खूण केली आहे, पण साल नाही टाकलं."

आत्याबाईंनी यातलं फक्त "पुढं" एवढंच ऐकलं. दुसऱ्याच दिवशी त्या जोशीबुवांकडे गेल्या. जोशीबुवांनी बोटं मोजली आणि सांगितलं, वेळ पंधरा मिनिटांहून जास्त पुढं धरली गेली असेल तर कुसुमच्या पत्रिकेतलं जन्मलग्न बदलतं, मंगळ चौथ्यातून पाचव्यात जातो आणि दोष उरत नाही. कमी असेल तर आहे तसंच. झालं! पोरीचं सगळं आयुष्य एका पंधरा मिनिटांवर येऊन थांबलं, आणि ती मिनिटं वीस वर्षांपूर्वीची.

"मंगळाले दुसरे धंदे नाही का?" भैयाजी माझ्याजवळ चिडचिड करत होते. "एवढा मोठा ग्रह, तो महालातल्या पोरीचं घर मोजत बसन?" पण घड्याळ काही त्यांनी खोलून पेट्रोलनं धुवायला घेतलं नाही. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "आता हे साक्षीदार आहे. धुतलं का मंग नुसतं घड्याळ."

त्याच वेळी कुसुम आली. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "भैयाजी, मी किती वाजता झाली ते सापडलं, तर मले आधी सांगजा. आईले नंतर." भैयाजींनी मान हलवली. ती गेल्यावर बराच वेळ त्यांनी भिंग डोळ्याला लावलं नाही.

मग त्यांनी जे केलं ते पाहून मोहल्ला पोट धरून हसला. कुसुम झाली सोमवारी सकाळी, मामाजी कचेरीत जायच्या आधी. रविवार सुटीचा, म्हणजे घड्याळ शनिवारी लावलेलं. दोन दिवसांत ते किती पळायचं, हे काढायचं तर मामाजींसारखंच वापरायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. जन्मात घड्याळ न बांधलेल्या माणसानं ते मनगटावर बांधलं. भोंग्याला चावी द्यायची, स्टेशनपर्यंत पायी जायचं, काटे जुळवायचे, परत यायचं. मामाजी कोणत्या कुशीवर झोपत हेसुद्धा त्यांनी आत्याबाईंना विचारलं. आत्याबाई लाजून लाल झाल्या, पण सांगितलं. मामाजी पूजेला बसताना घड्याळ काढून देवघराच्या फळीवर ठेवत, म्हणून हेही आमच्या देवघरात येऊन ते फळीवर ठेवायचे आणि घंटा वाजेपर्यंत बाहेर उभे राहायचे. दर दोन दिवसांनी स्टेशनवर फरक पाहून दाराच्या चौकटीवर खडूनं आकडा लिहायचे.

तीन आठवडे असे गेले. मी येता-जाता चौकट वाचत होते. सहा. नऊ. चार. बावीस. सात. एकदा तर मागंच पडलं. दहा आकड्यांत पंधराच्या वर एकच.

"मंग यातलं खरं कोणतं?" मी विचारलं.

"सगळेच," भैयाजी म्हणाले. इतके थकलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "त्या सोमवारी या घड्याळाच्या मनात का होतं, आता कोणीच नाही सांगू शकत गा." त्या गोंधळात ते मला पुरुषाला म्हणतात तसं गा म्हणाले, बाईला वं म्हणायचं विसरले.

गोविंदराव आले ते दुपारी. मोठ्या मिशांचा, सरळ बोलणारा माणूस. चहा होताना आत्याबाईंनी जोशीबुवांचं पंधरा मिनिटांचं सांगितलं, मग त्यांनी भैयाजींना बोलावून घेतलं आणि सर्वांसमोर विचारलं, "घड्याळाचं तुम्ही पाहून राहिले म्हणतात. पोरीची वेळ पक्की का?"

भैयाजींनी उलट विचारलं, "तुमच्या पोराची वेळ कोणत्या घड्याळात पाहिली?"

"आमच्या घरी तवा घड्याळ कुठं होतं? गाई सोडायच्या वेळेले झाला."

"गाई रोज एकाच वेळेले सोडता?"

मी पदरात तोंड लपवलं. गोविंदराव मात्र शांतपणे म्हणाले, "पोराच्या पत्रिकेत मंगळ नाही, भैयाजी. त्याचं विचारायची गरज नाही. तुमच्या पोरीचं सांगा. पंधराच्या वर होतं का नाही?"

माजघराच्या दारात कुसुम उभी होती. सांगितलं होतं तशी ती समोर आली नव्हती, पण ऐकू येईल इतक्या जवळ होती. भैयाजींनी तिच्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हे दांडीपासून सुरुवात करणार, मग खूण, मग साल, मग आडवं का टांगलेलं. मुंजीसारखं हेही लग्न समजावण्यात जाणार.

"वीस मिनिटं," भैयाजी म्हणाले. "वीस मिनिटं पुढं होतं."

"पक्कं?"

"पक्कं."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मी बाहेर आले तेव्हा भैयाजी ओल्या फडक्यानं दाराची चौकट पुसत होते. कुसुमला त्यांनी आधी काही सांगितलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी घड्याळ खोललं. एकेक चाक पेट्रोलमधून काढलं, गंजलेले काटे घासून नीट केले, दांडी मधोमध आणली, नवी काच बसवली. तबकडीला मात्र हात लावला नाही. तिच्यावरचा तडा तसाच राहू द्या, मामाजींचा आहे, म्हणाले. लग्नात वामनरावांच्या मनगटावर ते घड्याळ बांधताना आत्याबाई हमसून रडल्या. मामाजी मांडवात आल्यासारखे वाटले, असं त्या पुढं कित्येक दिवस सांगत होत्या. कुसुम हसत होती, अगदी पूर्वीसारखी. मला त्या दिवशी भैयाजींचा फार अभिमान वाटला. खोटं बोलले असतील तर बोलले, असंच वाटलं.

वर्ष व्हायच्या आत कुहीहून माणूस आला. वामनरावांना विषमज्वर झाला होता, तिसरा आठवडा लागला होता, तोंडात पाणी ठरत नव्हतं.

आत्याबाई भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "मंगळ पाचव्यात होता ना? मंग काहून? पाचव्यात होता ना?" मला त्यांच्याकडे पाहवेना. भैयाजी ओसरीवर ऐकत उभे होते. त्यांनी खोल्यांना कुलूप लावलं. आत गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच उघडी पडलेली. इतवारी स्टेशनवरून छोट्या रुळांच्या गाडीनं आम्ही निघालो, तर तेही आमच्या डब्यात येऊन बसले. कोणी त्यांना चला म्हटलं नव्हतं आणि नका येऊ असंही कोणी म्हटलं नाही.

कुहीला त्यांनी वामनरावांच्या खाटेजवळचा कोपरा धरला. आजाऱ्याच्या घरात घड्याळाला चावी द्यायचं कोणाला सुचणार? मामाजींचं घड्याळ कोनाड्यात बंद पडलं होतं. भैयाजींनी ते सुरू केलं, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध त्यावर दिलं, नाडी त्यावर मोजली. मोहल्ल्यात अखंड बडबडणारा माणूस तिथं अकरा दिवस जवळजवळ मुका होता. गोविंदरावांनी एकदाही त्यांना त्या वीस मिनिटांचं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. कुसुम मुकाट्यानं पाण्याच्या पट्ट्या बदलायची आणि भैयाजी तिच्या वाटेतून सरकून बसायचे.

बाराव्या दिवशी सकाळी ताप उतरला. वामनरावांनी डोळे उघडले आणि पेज मागितली. घरात सगळ्यांनाच रडू कोसळलं. गोविंदराव अंगणात जाऊन बैलाच्या पाठीवर हात फिरवत रडत होते. मी चुलीवर पोहे टाकले, पहिली बशी भैयाजींची म्हणून घेतली आणि त्यांना शोधत निघाले.

तेच माझं त्यांना शेवटचं पाहणं. त्याच दिवशी ते कुहीहून परस्पर मुलीकडे भंडाऱ्याला गेले. पुढं जावई येऊन त्यांची हत्यारं घेऊन गेला, गिऱ्हाइकांची घड्याळं ज्याची त्याला पोचवून गेला. भैयाजी महालात परत आले नाहीत.

त्या सकाळी ते गोठ्यामागं, धानाच्या तणशीच्या ढिगापाशी बसले होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी बशी पुढं केली.

"पोहे नको, सूनबाई," ते म्हणाले. "उपास आहे."

मला काही कळेना. एकादशीला भाकर खाणारा माणूस. "कसला उपास, भैयाजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आज मंगळवार आहे ना."

मी बशी तणशीवर ठेवली. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तू तर शिकलेली आहेस सूनबाई. खरं सांग. मंगळ-बिंगळ काही नसते ना वं?"

"काही नसते, भैयाजी," मी ठासून म्हटलं.

माझाही त्या दिवशी मंगळवारच होता.